हांकोच्या बंदरातून

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न.

परवाच्या फोनवर आवाज तुटत होता, त्यात बाबांचे निम्मे प्रश्न तसेच राहिले. आईला तर मी शिडाच्या होडीतून गेले एवढं ऐकूनच धस्स झालं. म्हणून आता सगळं नीट लिहून पाठवते. बाबा, तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

आधी आईसाठी. होडी माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची आणि त्याच्या बायकोची. दोघंही लहानपणापासून समुद्रावर वाढलेली, आणि होडीवर शब्द चालतो तो तिचा. धक्का सोडल्यापासून परत धक्क्याला लागेपर्यंत लाईफ जॅकेट अंगावरून काढायचं नाही हा तिचा नियम. इथं फिनलंडमध्ये हेलसिंकीहून हांकोच्या बंदरात जाताना उघडा समुद्र फार थोडा लागतो. पोर्कलाचं टोक सोडलं की वाट बेटांच्या आतून जाते. बाहेर लाटा कितीही उसळोत, आत पाणी शांत असतं. बारोसुंडची सामुद्रधुनी तर इतकी अरुंद, की काठावरच्या अंगणात वाळत घातलेले कपडे दिसतात. होडी वाऱ्यानं एका अंगावर कलते तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा येतो, हे खरं. पण खाली जड लोखंडी कणा असतो, तो तिला परत सरळ करतो. हे एकदा समजलं की मग कललेल्या होडीत बसून चहाही पिता येतो.

आता बाबा, तुमचं भरती-ओहोटीचं. इथं भरती-ओहोटी नसते हे तुम्हाला फोनवर खोटं वाटलं, पण खरंच नसते. म्हणजे नावाला काही सेंटीमीटर. बाल्टिक समुद्र चहूबाजूंनी जमिनीनं वेढलेला, महासागराशी त्याचा संबंध डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतून तेवढा. त्यामुळे उधाणाची मोठी भरती नाही, भांगाची लहान भरतीही नाही. पाणी वर-खाली होतं ते वाऱ्यानं आणि हवेच्या दाबानं. नैर्ऋत्येचा वारा बरेच दिवस लागून राहिला की ते चढतं. आपल्या मिरकरवाडा बंदरात दोर बांधताना ओहोटीचा हिशेब धरून ढील सोडावी लागते, इथं तसं काही नाही. इकडची पद्धत अशी, की होडी धक्क्याकडे नाळ, म्हणजे पुढचं टोक, करून हळू आणायची आणि येता येता मागच्या बाजूनं पाण्यात तरंगणाऱ्या बोयाच्या कडीत आकडा अडकवायचा. मग मागचा दोर सोडत सोडत पुढं जायचं आणि नाळेवरून एकानं दोर घेऊन धक्क्यावर उतरायचं. आकड्याचं काम माझ्याकडे होतं. बोया अगदी हाताशी येते, क्षणभरच, आणि त्या क्षणात कडी साधावी लागते. आकडा खट्कन बसला तेव्हा तुमची फार आठवण झाली. बंदर खात्यात तुम्ही इतकी वर्षं काढलीत, तुम्ही बघायला हवं होतं.

आणखी एक, खास तुमच्यासाठी. बंदरात शिरताना लाल खूण डाव्या हाताला, हिरवी उजव्या हाताला, हे इथंही अगदी आपल्यासारखंच. वाटेत युसारो नावाचं बेट लागतं. त्याच्या पोटात लोहखनिज आहे, त्यामुळे त्याच्या आसपास होकायंत्राची सुई भरकटते. या भागात पूर्वी किती गलबतं खडकांवर गेली असतील! खाण केव्हाच बंद पडली, पण नकाशावर ही सूचना आजही असते.

पाणी इतकं कमी खारट की जिभेवर जेमतेम कळतं. लिटरला सहा-एक ग्रॅम मीठ, महासागरात ३५. म्हणून हेरिंगसारखे समुद्रातले मासे आणि गोड्या पाण्यातले मासे इथं एकाच पाण्यात राहतात. आई, माशांवरून आठवलं. इथं सामनचं दूध-साय घातलेलं सूप करतात, बटाटे घालून, आणि वरून चक्क शेपू! नव्या बटाट्यांवरही शेपूच. तुला पटणार नाही, पण चव फार छान लागते. सोबत काळा, गोडसर बेटांवरचा पाव. पुढच्या वेळी तू सुरमईला शेपू लावून बघ आणि मला कळव.

हांको हे फिनलंडच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक. गाव तसं लहान, आणि फार जुनंही नाही. आधी १८७३मध्ये रेल्वे आली, १८७४मध्ये शहर वसलं, आणि हे सगळं बंदरासाठी. हिवाळ्यात इथला समुद्र गोठतो, पण हांकोला त्यातल्या त्यात कमी. १८९०मध्ये 'मुर्ताया' हे या देशाचं पहिलं बर्फफोडं जहाज आलं, तेही हे बंदर चालू ठेवायला. टेकडीवर चर्च, त्याशेजारी लाल विटांची पाण्याची टाकी, खाली किनाऱ्यानं जुने लाकडी बंगले, पांढऱ्या नक्षीच्या व्हरांड्यांचे. १९४० साली सोव्हिएत युनियनशी झालेल्या युद्धानंतरच्या तहात हे सगळं ३० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं त्यांना द्यावं लागलं. गावकऱ्यांना घरं सोडून जावं लागलं. १९४१च्या डिसेंबरात सोव्हिएत सैन्य निघून गेलं, मग लोक परतले.

गावापासून जवळच दोन बेटांमधली एक चिंचोळी जागा आहे, हाउएनसुओली. तिथं फक्त होडीनंच जाता येतं. पूर्वीची शिडाची जहाजं हवा बिघडली की तिथं नांगर टाकून अनुकूल वाऱ्याची वाट बघत बसायची. बसून बसून खलाश्यांनी, सैनिकांनी, व्यापाऱ्यांनी खडकावर नावं कोरली, घराण्यांची चिन्हं कोरली, सालं घातली. सहाशेहून जास्त कोरीव खुणा आहेत, सगळ्यात जुन्या सोळाव्या शतकातल्या. खडक उतरता आणि गुळगुळीत, करड्या-गुलाबी रंगाचा. काही अक्षरं दगडफुलानं भरून गेली आहेत. काही इतकी खोल आणि रेखीव, की कोरणाऱ्याला अजिबात घाई नव्हती हे दिसतं. मी खडकावर ओणवी होऊन कितीतरी वेळ बघत राहिले. आपल्याकडे पावसाळ्यात मचवे वर ओढून ठेवतात आणि माणसं महिनोन्महिने वाऱ्यापावसाकडे बघत दिवस काढतात, तीच ही माणसं.

पण मला खरं सांगायचं आहे ते वेगळंच. १८८० ते १९३० या पन्नास वर्षांत जवळपास अडीच लाख माणसं हांकोच्या धक्क्यावरून देश सोडून गेली. बहुतेक पश्चिमेकडच्या शेतकरी घरांतली तरणीताठी मुलं-मुली. रेल्वेनं इथवर यायचं, 'आर्क्टुरुस' किंवा 'पोलारिस'सारखी बोट धरायची, इंग्लंडात हल नावाच्या बंदरात उतरायचं, तिथून आगगाडीनं लिव्हरपूल आणि पुढं अमेरिका. त्याच बोटींतून लोण्याची पिंपंही इंग्लंडला जायची. त्यांची आठवण म्हणून किनाऱ्यावर उडत्या पक्ष्यांचं एक शिल्प आहे. कितीजण परत आले असतील? आईबाप तर इतक्या लांब पोचवायलाही येऊ शकत नसणार. ते घरच्या दारातच निरोप घेत असतील, आणि त्यातल्या पुष्कळांची ती शेवटची भेट.

त्या शिल्पापाशी मला विमानतळावरची आई दिसली, काचेपलीकडे हात वर करून उभी. मी रोज फोन करते, तुमचे चेहरे बघते, तरी आईच्या गुडघेदुखीची बातमी मला मावशीकडून कळते. तुम्ही मला काळजी नको म्हणून सांगत नाही आणि मी तुम्हाला काळजी नको म्हणून सांगत नाही. हे आता बंद करू या. मी सुरुवात करते: गेला हिवाळा मला फार जड गेला. अंधारानं जीव नकोसा झाला होता, रात्र रात्र झोप नव्हती. आता मी बरी आहे, अगदी खरंच बरी आहे, पण तेव्हा तुम्ही हवे होतात.

म्हणून पुढच्या जूनमध्ये तुम्ही दोघांनी यायचं. बाबांचा पासपोर्ट संपत आलाय, नूतनीकरणाचा अर्ज याच महिन्यात करा. व्हिसासाठी माझ्याकडून लागणारं पत्र आणि बँकेचे कागद मी पाठवते, मुंबईच्या अपॉइंटमेंटचं दादा बघेल. जूनमध्ये इथं रात्री साडेदहा वाजताही उजेड असतो. आईला होडीत बसवणार नाही, रेल्वेनं हांकोला जाऊ. बाबांना मात्र त्या सहकाऱ्याची बायको, आता माझी मैत्रीणच, बंदराबाहेर एक फेरी मारून आणणार आहे, तसं तिनं कबूलही केलंय.

आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का ते याच आठवड्यात कळव. काय असेल ते खरं खरं.

तुमची,
लेक