पाचारण रविवारच्या अर्ध्या तासासाठी: आई-बाबांना पत्र

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूची शांती तुमच्याबरोबर असो.

पाचारण रविवारी, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ होण्याच्या देवाच्या हाकेबद्दल बोलायच्या रविवारी, मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर तरुणांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी अर्धा तास बोलायचं तुम्ही कबूल केलंत, हे फार चांगलं झालं. आम्ही शाळेत शिकवणारे व्रतस्थ ब्रदर बोललो की लोकांना वाटतं, दुकानदार आपलाच माल खपवतोय. ब्रदरचे आईवडील बोलायला उभे राहिले की मागच्या बाकांवरचेही कान टवकारतात. बाबा, तुम्ही प्रश्न क्रमांक घालून पाठवलेत, पण मी त्या क्रमाने जात नाही. काहींचं उत्तर एका ओळीचं आहे, काहींना पान पुरत नाही.

सुरुवात कशाने करू नये ते आधी सांगतो. “शाळांना ब्रदर उरले नाहीत, आता तुम्हीच पुढे या,” असं म्हणू नका. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला ती रिकाम्या जागांची भरती वाटते. आणि जो कीव येऊन येतो, तो टिकत नाही, कारण संघाची, म्हणजे आम्हा ब्रदरांच्या संस्थेची, गरज हे त्याचं स्वतःचं कारण नसतं. “हा मार्ग संसारापेक्षा श्रेष्ठ,” हेही नको. समोर बसलेल्या आईवडिलांनी संसारच केलाय.

मग ब्रदर म्हणजे कोण ते सांगा, आणि नीट सांगा, कारण निम्मे प्रश्न इथेच अडतात. ब्रदर म्हणजे अर्ध्यावर राहिलेला फादर, असा समज पक्का आहे. एक तर सेमिनरीत धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्यांनाही पुष्कळ ठिकाणी ब्रदरच म्हणतात. शिवाय आम्ही मिस्सा अर्पण करत नाही, पापनिवेदन ऐकत नाही, म्हणून काहीतरी कमी आहे असं वाटतं. ब्रदर ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतो, इतर ब्रदरांबरोबर एका घरात राहतो, एका पंगतीत जेवतो, आणि शिक्षक ब्रदरचं काम शाळेत असतं. शिक्षक ब्रदरांचा संघ काढणारे ज्याँ-बाप्तिस्त द ला साल स्वतः धर्मगुरू होते, फ्रान्समधल्या रॅन्सच्या कॅथेड्रलमध्ये मानाच्या पदावर होते. १६८० च्या सुमारास त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी शिक्षकांचा संघ उभा केला, १६८३ मध्ये ते पद सोडलं, आणि संघात धर्मगुरू नकोत असं ठरवलं. ज्या एका ब्रदरला ते धर्मगुरूपदाची दीक्षा देववणार होते तो त्याआधीच वारला. ला साल यांनी ती देवाची इच्छा मानली. व्यवहारही त्यात होताच. धर्मगुरूला मिस्सा, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी वर्गातून सारख्या बाहेर ओढतात. वर्गातल्या कच्च्या मुलाला मात्र रोज तोच माणूस समोर लागतो. याच ला साल यांना १९५० मध्ये बाराव्या पायस पोपमहोदयांनी शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. एवढं सांगितलंत की “फादर व्हायला जमलं नाही का?” हा प्रश्न बहुतेक विरतो. कोणी तरीही विचारलाच तर रागावू नका.

संस्थापकांच्या गोष्टी सगळ्या सांगत बसू नका. समोर कोण आहे ते पाहून एक निवडा. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला फ्रान्सच्या मार्सेलाँ शाँपान्या यांची गोष्ट सांगा. सेमिनरीचं पहिलं वर्ष संपलं तेव्हा त्यांना अभ्यास झेपत नाही म्हणून घरी पाठवलं होतं. आईने त्यांना बरोबर घेऊन पायी तीर्थयात्रा केली, शब्द टाकला, आणि ते परत गेले. पुढे २ जानेवारी १८१७ रोजी ला व्हाला या डोंगरातल्या गावी त्यांनी दोन तरुणांना घेऊन मॅरिस्ट ब्रदर्स या संघाची सुरुवात केली. आई, हा भाग तू सांग. थोडं वय झालेला, नोकरी-धंद्यातला कोणी असेल तर ख्रिश्चन ब्रदर्स संघाचे संस्थापक एडमंड राइस सांगा. आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचे व्यापारी, १७८९ मध्ये पत्नी वारली, पदरी एक अपंग मुलगी, आणि १८०२ मध्ये चाळिशीत पहिली शाळा.

आता बाबांचा खरा प्रश्न: विचारायचं कोणाला? इथे चांगली माणसंही चुकतात. नजर जाते ती गप्प बसणाऱ्या, डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्या, कोणात न मिसळणाऱ्या मुलाकडे. तो भक्तिवान असेलही. पण ज्याला चार मित्र नाहीत, त्याला सात-आठ माणसांच्या ब्रदरांच्या घरात फार जड जातं, आणि चाळीस मुलांच्या वर्गात त्याहून जड. नुकताच प्रेमभंग झालेला, परीक्षेत नापास झालेला, घरच्या भांडणाला कंटाळलेला मुलगा आपणहून पुढे आला तरी त्याला थांबवा. तो कशाकडे तरी जात नसतो, कशापासून तरी पळत असतो. वर्षभराने पुन्हा विचारावं.

पाहायचं ते वेगळंच असतं. गायनसंघाच्या सरावानंतर खुर्च्या उचलायला कोण थांबतो? लहान भावंडाला गणित समजेना तेव्हा आवाज न चढवता तेच दुसऱ्या तऱ्हेने कोण सांगतो? भांडतो, पण दुसऱ्या दिवशी आपण होऊन बोलतो, असा कोण आहे? आपली चूक हसत कबूल करणारा? मुलींशीही मोकळेपणाने, सभ्यपणे बोलणारा? मिस्साला नेमाने येणारा हवाच, पण पहिल्या बाकावर बसणाराच हवा असं नाही. आणि शिकवण्याची ओढ हवी. ती नसेल तर मुलगा कितीही चांगला असो, त्याच्यासाठी दुसरा संघ, दुसरा मार्ग असेल. शिक्षक ब्रदरांचा नाही. हे मोकळेपणाने सांगायला कचरू नका.

विचारायचं एकट्याला, एकदाच, आणि पाहिलेली गोष्ट नाव घेऊन. “तू त्या धाकट्याला भागाकार शिकवत होतास ते मी पाहिलं. शिक्षक ब्रदर होण्याचा विचार कधी मनात आला का रे?” एवढंच. मग गप्प. तो “छे!” म्हणेल, लाजेल, विषय बदलेल, बदलू द्या. पुढचे दोन-तीन महिने विषय काढू नका. चारचौघांत तर कधीच विचारू नका, दुसऱ्या दिवसापासून मित्र त्याला “काय ब्रदर!” म्हणून छेडतात, आणि मनात काही उगवत असलं तरी ते तिथेच खुडलं जातं. बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाला देवाची तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा तो एली याजकाकडे धावला. एलीने काय केलं? जा, पुन्हा नीज, आणि हाक आली तर अमुक म्हण, एवढंच सांगितलं. बरोबर गेला नाही, दाराशी कान देऊन उभा राहिला नाही. मार्कच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातल्या श्रीमंत माणसाकडेही येशूने प्रेमाने पाहिलं, एकदा सांगितलं. तो खिन्न होऊन निघाला तेव्हा मागून हाक मारली नाही. हे सौजन्य आहेच, पण नियमही आहे. कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, जीवनमार्ग निवडताना कोणावरही जबरदस्ती नको हा प्रत्येक ख्रिस्ती माणसाचा हक्क आहे, आणि धाकाने किंवा फसवून केलेला नोव्हिशिएटचा (व्रतांआधीच्या प्रशिक्षणाच्या काळाचा) प्रवेश मुळातच अवैध ठरतो. मुलगा अठराच्या आतला असेल तर आधी त्याच्या आईवडिलांशी बोला, आणि त्याच्याशी बोलणं उघड्यावर, इतरांच्या नजरेसमोर.

याच ओघात तो प्रश्न येईल. कोणीतरी हात वर करून शाळांमधल्या अत्याचारांबद्दल विचारेल. उत्तर टाळू नका. अनेक देशांत ब्रदरांच्या शाळांत आणि वसतिगृहांत मुलांवर अत्याचार झाले. आयर्लंडमध्ये २००९ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सरकारी चौकशांचे अहवाल आले. म्हणूनच आज प्रवेशाआधी मानसशास्त्रीय तपासणी, पोलिसांकडचा दाखला, अनेक ओळखीच्या माणसांकडून माहिती, हे सगळं पाहिलं जातं. ज्या संघाला याबद्दल विचारलेलं आवडत नाही तिथे मुलगा पाठवू नका, असं बेधडक सांगा.

टप्पे बाबा सांगतील, कारण आकडे त्यांच्या तोंडी शोभतात. पहिले वर्ष-दीड वर्ष फक्त ओळख: भेटी, पत्रं, ब्रदरांच्या घरी दोन-तीन दिवसांचा मुक्काम. मग पोस्टुलन्सी, म्हणजे उमेदवारीचा काळ, साधारण सहा महिने ते वर्षभर. मग नोव्हिशिएट. चर्चच्या कायद्याने तो किमान बारा महिन्यांचा, आणि १७ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय त्यात प्रवेश नाही. नोव्हिस, म्हणजे नोव्हिशिएटमधला मुलगा, पंधरा दिवसांहून जास्त बाहेर राहिला तर ते दिवस भरून काढावे लागतात, तीन महिन्यांहून जास्त राहिला तर तो नोव्हिशिएट धरलाच जात नाही. घरच्या लग्नाकार्याची आमंत्रणं देणाऱ्यांना हे आधीच ठाऊक असावं. त्यानंतर तात्पुरती व्रतं, तीन ते सहा वर्षांसाठी, वय किमान १८. फार तर नऊ वर्षांपर्यंत ती वाढवता येतात. याच काळात पदवी आणि शिक्षकाचं प्रशिक्षण होतं. आजीवन व्रतं २१ वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि त्याआधी तात्पुरत्या व्रतांची किमान तीन वर्षं हवीत. म्हणजे तात्पुरत्या व्रतांची मुदत वाढवली नाही तर ओळखीपासून आजीवन व्रतांपर्यंत साधारण सहा ते दहा वर्षं जातात. मुलाला कोणी रातोरात उचलून नेत नाही, हे आईवडिलांना या आकड्यांतूनच पटतं.

कागद थोडे लागतात: बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले, अविवाहित असल्याचा दाखला, शाळेची प्रमाणपत्रं, वैद्यकीय तपासणी. विवाह टिकून असलेल्याला प्रवेश नाही, विधुराला आहे. कर्ज डोक्यावर असून फेडता येत नसेल तर आधी ते मिटवावं लागतं. मुलं कर्ज लपवतात, आणि आजारही लपवतात. मधुमेह असो की नैराश्यासाठी घेतलेली औषधं, सांगितलं म्हणून दार बंद होईलच असं नाही. लपवलेलं पुढे बाहेर आलं की मात्र विश्वास जातो.

आई, आता तुझ्या बाजूचं. आया तुला गाठतील आणि विचारतील, “आम्हाला म्हातारपणी कोण पाहणार?” हा प्रश्न स्वार्थी नाही, तसं कोणाला वाटूही देऊ नकोस. ब्रदरचा पगार त्याच्या हातात येत नाही, संघाच्या खात्यात जातो. घरी पैसे पाठवेन असं गृहीत धरून कोणी येऊ नये. घर पूर्णपणे त्या मुलाच्या कमाईवर चालत असेल तर ते पहिल्याच भेटीत संघाला सांगावं. कधी धाकटं भावंड कमावतं होईपर्यंत थांबायला सांगतात, कधी वेगळी वाट निघते. पहिल्या व्रतांआधी तो आपल्या मालमत्तेची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपवतो, आजीवन व्रतांआधी मृत्युपत्र करतो. वडिलोपार्जित वाटा संघ गिळतो ही अफवा आहे. एकुलता एक असणं ही चर्चच्या कायद्याने अडचण नाही. सुट्टीत तो घरी येतो, आईवडील आजारी पडले तर परवानगीने येऊन राहतोही.

एक्वादोरच्या ब्रदर मिगेल यांचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. जन्मतः पाय अधू, घर प्रतिष्ठित. घरच्यांना मुलगा फादर झालेला चालला असता, ब्रदर नको होता. तरी १८६८ मध्ये ते ब्रदर झाले, भाषेची पाठ्यपुस्तकं लिहिली, आणि १९८४ मध्ये संत घोषित झाले. पण संतपदाचं आश्वासन म्हणून हे सांगू नकोस. घरचे नाराज असले म्हणजे ते वाईट असतात असं नाही, एवढ्यासाठी सांग.

आणि जो मध्येच परत येतो त्याच्याबद्दल. नोव्हिस केव्हाही निघू शकतो, तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की ब्रदरही निघू शकतो. संघही नको म्हणू शकतो. नोव्हिशिएट त्यासाठीच तर असतो. तरी धर्मग्रामात “परत आला” हे शब्द ज्या सुरात म्हटले जातात, त्या सुराच्या धास्तीने काही जण निघायला हवं तेव्हा निघत नाहीत, आणि काही मुळात जातच नाहीत. त्या अर्ध्या तासात एवढं एकच नीट सांगता आलं तरी मला चालेल.

वेळेची आखणी अशी करा: बाबा सात-आठ मिनिटं, आई पाच, उरलेला वेळ प्रश्नांना. प्रश्न तोंडी मागू नका. कोरे कागदाचे तुकडे आणि पेन्सिली बाकांवर ठेवा, नाव लिहायचं नाही. प्रवेशाचे फॉर्म मात्र टेबलावर ठेवू नका. फॉर्म दिसला की मुलं दारातूनच वळतात. त्याऐवजी ब्रदरांच्या घरी पाहुणे म्हणून दोन दिवस यायची तारीख फळ्यावर लिहा. जो येईल त्याला इथे नेहमीचाच दिवस दिसेल: पहाटेची प्रार्थना आणि मनन, मिस्सा, दिवसभर शाळा, संध्याकाळची प्रार्थना, भांडी घासणं, वह्या तपासणं. त्याच्यासाठी काही खास करायचं नाही असं आम्ही ठरवलंय.

चिठ्ठ्या जपून ठेवा आणि मला पाठवा. ज्यांची उत्तरं तुम्हाला देता आली नाहीत त्या वर ठेवा.

तुमचा,
लेक