जोंगा घेतोय, मोडक्या चेसिससकट

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय दिनू,

तुझा मेसेज ऐकला. "चेसिस गेलेली गाडी म्हणजे भंगार, हात लावू नकोस." चाकणच्या कारखान्यात रोज गाड्यांचे नवेकोरे सांगाडे बघणारा माणूस दुसरं काय म्हणणार! पण लेका, आधी सगळं ऐकून तरी घे, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

गाडी जोंगा आहे, लष्करातली ती जुनी दणकट जीप, हे तुला कळलंच आहे. कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरजवळ ही गाडी दिसली की आपण सायकली थांबवायचो आणि तिचा आवाज ऐकत बसायचो. जपानी निस्सानच्या 'पॅट्रोल' गाडीचं हे देशी रूप जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत बनायचं, १९६९ ते १९९९. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, पेट्रोल. लष्करानं लिलावात काढलेल्या गाड्या मग शेतकऱ्यांनी, लाकूडवाल्यांनी, शिकारीचे शौकीन असलेल्या इनामदारांनी घेतल्या. पेट्रोल परवडेना म्हणून बहुतेकांनी ते इंजिन उपटून डिझेलचं घातलं. आज अस्सल इंजिनासकट जोंगा मिळणं मुश्कील झालंय.

ही मिळाली खानापूरच्या पुढं, जांबोटीच्या वाटेवर, एका बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याच्या शेडात. शेडचं अर्धं छप्पर उडालेलं, आणि त्या भागातला पाऊस तुला मी सांगायला नको. मालकानं आडपडदा न ठेवता सांगितलं, "इंजिन फिरतंय, पण चेसिस तडकलंय. बघून घ्या की, नंतर माझ्या नावानं बोंब नको." असा विकणारा भेटायलाही नशीब लागतं.

आता त्याच्या उलट बघ. निपाणीकडं एक जोंगा बघायला गेलो होतो. हिरवागार मिलिटरी रंग, नवीन सीट, पुढं विंच, टायर तर असे की रणगाडा लाजावा. खाली सरपटत गेलो, तर सगळ्या चेसिसवर डांबरासारखा काळा थर जाड फासलेला. गंज लागू नये म्हणून मारलंय म्हणे. स्क्रूड्रायव्हरनं एके ठिकाणी खरवडलं, तर आत नुसती पुट्टी! वरून कीर्तन आतून तमाशा. मागायची किंमत मात्र अशी की तेवढ्यात इकडं गुंठाभर जागा यावी. मी चहा पिऊन परत आलो.

खानापूरची गाडी तशी फसवी नाही. तिचं जे मोडलंय ते उघड्यावर आहे. तरी नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला नको म्हणून उद्यमबागेतल्या आपल्या वेल्डर अण्णांना बरोबर नेलं. तू त्यांना ओळखतोस, बोलायला एक रुपया घेतील आणि काम शंभराचं करतील. त्यांनी गवंड्याचा ओळंबा आणला होता. गाडी सपाट कोब्यावर ओढून घेतली, चारही टायरांची हवा सारखी केली. मग चाकांच्या स्प्रिंगा चेसिसला जिथं टांगलेल्या असतात त्या प्रत्येक हँगरच्या पिनेवरून ओळंबा सोडायचा, गोळा थरथरायचा थांबला की खाली खडूनं खूण करायची. गाडी बाजूला ढकलली तेव्हा कोब्यावर सगळ्या चेसिसचा नकाशाच तयार. मग टेप धरून कर्ण मोजले, आडवेतिडवे, पुढचे आणि मागचे. पुढच्या अर्ध्यात दोन्ही कर्ण तंतोतंत. मागं एका बाजूला बोटभर फरक. अण्णा म्हणाले, "चेसिस सरळ हाय काय म्हणून विचारायचं न्हाई, कुठं वाकडंय आणि कशानं, ते विचारायचं."

कशानं, तेही कळलं. मागच्या हुकाला दोर लावून ही गाडी वर्षानुवर्षं ओंडके ओढत होती. चेसिसच्या उजव्या लांब तुळईवर, म्हणजे रेलवर, मागच्या स्प्रिंगचा पुढचा हँगर बसतो तिथं रिव्हेटच्या भोकातून भेग निघालीय आणि खालच्या कडेपर्यंत आलीय. त्यात रेलच्या आत लाल माती भरलेली, ती ओली राहिली की लोखंड आतून खाते. हातोडीनं ठोकत गेलो. चांगल्या जागी खणखणीत वाजतं, खाल्लेल्या जागी बद्द. बद्द आवाज हँगरच्या दोन्ही बाजूंना वीतभर, त्यापलीकडं खणखणीत. म्हणजे दुखणं एका जागी आहे, अंगभर पसरलेलं नाही. पीळ पडलेला असता, चारही कोपरे वेगवेगळं बोलत असते, तर मी तुझं ऐकून गपगुमान घरी आलो असतो.

काम कसं करायचं तेही ठरलंय. बॉडी आणि पेट्रोलची टाकी उतरवायची, बॅटरी काढायची. भेग नक्की कुठं संपते ते लाल डाय मारून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर फवारून बघायचं, कारण डोळ्यांना दिसते त्याच्या पुढंही ती गेलेली असते. टोकाला भोक पाडायचं म्हणजे तिथून पुढं सरकणार नाही. जॅकनं ओढून कर्ण जुळवायचे, आणि जुळल्याशिवाय वेल्डिंगला हात लावायचा नाही. मग भेग व्हीसारखी घासून ७०१८ नंबरच्या कोरड्या वेल्डिंग रॉडनं भरायची, वर आधाराची पट्टी. पट्टीची टोकं तिरकी कापायची आणि खालच्या कडेवर आडवा वेल्ड मारायचा नाही. आडवा मारला की पुढची भेग नेमकी त्याच्या शेजारी निघते. ट्रकवाले वर्षाला तेच चेसिस पुन्हा जोडून घेतात ते ह्याच पायी. हँगर परत बसवताना रिव्हेटऐवजी हाय टेन्साइल बोल्ट, भोकं रीमरनं साफ करून. तुझ्या प्लांटमधल्या लोकांना ह्यात काही खोट दिसली तर आत्ताच सांग.

दुसरं चेसिस मिळत नाही का, असं तू विचारणार. मिळेल, दिल्लीच्या मायापुरीत काय मिळत नाही! पण गाडी म्हणजे कायद्याच्या लेखी तिचं चेसिसच. नंबर त्यावर, आरसीत तोच नंबर. जुन्या नंबराचा तुकडा कापून दुसऱ्या चेसिसला चिकटवणारे महाभाग आपल्याकडं आहेत, तो सरळसरळ गुन्हा आहे. आपल्या गाडीचा नंबर पुढच्या भागात आहे, दुखण्यापासून लांब. तारेचा ब्रश आणि रॉकेल घेऊन घासला, कागद ठेवून पेन्सिल फिरवली, तर एकेक आकडा उमटला. इंजिनाचा नंबरही आरसीशी जुळतो. खरं सांगू? मी गाडी पसंत केली ती ह्या पेन्सिलीच्या कागदावर.

व्हिंटेज नंबरप्लेटचं खूळ मात्र डोक्यातून काढून टाक. २०२१ च्या जुलैत केंद्रानं ते नियम काढले, नंबरात 'व्हीए', नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांची मुदत. पण त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते, ती वर्षं मोजायची पहिल्या नोंदणीपासून, आणि आपली बाई लष्करातून आरटीओत आली ती पुष्कळ उशिरा. शिवाय तशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर काढता येत नाही. मला चोर्ला घाटातून गोव्याला जायचंय, प्रदर्शनात दोरीच्या आत उभी करायची नाही. तेव्हा आपली साधी वाट, फिटनेस आणि पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. आरटीओतला फॉर्म कन्नडमध्ये आला तर अण्णा आहेतच.

पेट्रोल किती खाते ते विचारू नकोस. घरी बायकोला सांगितलेलं नाही. सांगितलं तर गाडीच्या आधी माझंच चेसिस तडकेल.

ब्रेकचं सगळं नवं लागेल, वायरिंग उंदरांनी खाल्लंय, ते किरकोळ. इसार दिलाय, उरलेले पैसे पावसाआधी देऊन गाडी उद्यमबागेत आणायची, नाहीतर अजून एक पावसाळा ती लाल माती खात बसेल. तू गणपतीला येणारच आहेस. येताना तुमच्या स्टोअरमधून नको, बाहेरून विकतच, भेग शोधायच्या त्या लाल डायचा, डाय पेनेट्रंटचा, एक संच आण, क्लीनरसकट. इथं मागवला की आठवडा जातो. आणि दोन दिवस जास्त काढून ये, कर्ण जुळवताना टेपचं दुसरं टोक धरायला माझ्याइतकाच हट्टी माणूस लागतो.

काकूंना नमस्कार सांग. वहिनींना म्हणावं कुंदा पाठवतोय, पण तुझ्या हाती लागू देऊ नका.

तुझा,
पक्या