लाजेचा तुकडा

मालागा, स्पेन

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, आधीच सांगते, श्रावण चालू असताना मी मासे खाल्ले. दुसरी गोष्ट त्याहून जड आहे. गणपतीला मला येता येत नाहीये. फोनवर तोंडातून शब्द फुटेना, म्हणून लिहितेय.

रजेचे नऊच दिवस उरले होते. त्यातले पाच इथे घातले, हे तुम्हाला खुपेल. पण पाच दिवसांत मालवणला येऊन परतायचं म्हणजे निम्मा वेळ प्रवासात, आणि गणपतीतली तिकिटं तर हात लावू देत नाहीत. म्युनिकहून इथे तीन तासांत पोहोचलो. दोघंही फार थकलो होतो गं. तुम्हाला टाळलं असं मनात आणू नका. 4 जानेवारीला येतेय, तीन आठवडे. तिकीट काढून झालंय.

जेवणाची काळजी नको. पेद्रेगालेखो ही इथली जुनी कोळीवस्ती. किनाऱ्यावर एक होडी, तिच्यात वाळू भरलेली आणि वाळूवर ऑलिव्हच्या लाकडांचा जाळ. कामटीत सहा तारली ओवून ती जाळाशेजारी वाळूत खोचतात, वाऱ्याचा अंदाज घेऊन, म्हणजे धूर माशांवर येत नाही. वर नुसतं जाडं मीठ. याला एस्पेतो म्हणतात. बाबा, कातडी करपून सुटते ना, तो वास थेट आपल्या मागीलदारचा.

टापास म्हणजे लहान लहान ताटल्या मध्ये ठेवून सगळ्यांनी खायच्या. एक एस्पेतो, पिठात घोळवून तळलेले बोकेरोन (आपल्या मांदेलीच्या जातीतले), तळलेल्या मिरच्या, टोमॅटो आणि पाव, दोघांत मिळून 26 युरो. म्युनिकला एवढ्यात एकाचं जेमतेम होतं. म्हणजे उधळपट्टी नाही, बाबा.

ताटलीत शेवटचा तुकडा उरला की इथे त्याला ‘लाजेचा’ म्हणतात, कुणी हात लावत नाही. आमचंही एक तारलं उरलं. जावई म्हणाले, घे. मला घेववेना. घरी शेवटची तुकडी नेहमी माझ्या पानात यायची. ‘माझं पोट भरलं’ म्हणायचीस आणि मग काटे काढून भातात कालवून द्यायचीस. तुझं पोट खरंच भरलेलं असायचं का गं?

आता ऐका. गणपतीवरची माटवी बांधायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, दादाला बोलवा. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी घेतलेला नाही. आई, बीपीची गोळी उपासालाही घ्यायची, साबुदाणा एकदाच. रागावून नाही सांगत, लांबून दुसरं काही करता येत नाही म्हणून सांगते.

आरतीच्या वेळी फोन लावा आणि समईपाशी उभा करून ठेवा. मी इकडून म्हणेन. जानेवारीत तारली मिळाली तर चुलीतच भाजू, तव्यावर नको. शेवटचं आई खाणार.

तुमची,
बाय