विषय : तुमचा 'डूडल-स्पेशल' ब्रश आणि तुम्ही परस्पर बंद केलेली माझी तक्रार

मा. व्यवस्थापक,

कालच्या पाचव्या फोननंतर लिहिते आहे, त्यामुळे नमस्कार-चमत्कार राहू द्या.

माझ्या डूडल कुत्रीसाठी, झिपरीसाठी, घेतलेल्या तुमच्या ब्रशच्या निम्म्या पिना तीन आठवड्यांत त्याच्याच गादीत रुतल्या. वरवर केस मऊ दिसायचे, मुळाशी मात्र जट वाढत होती. डूडलचे, म्हणजे पूडलशी संकर केलेल्या कुत्र्याचे, गळलेले केस जमिनीवर पडत नाहीत, अंगावरच्या कुरळ्या केसांत अडकतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ब्रश कातडीपर्यंत पोचला की नाही हे कळायला स्टीलचा कंगवा लागतो. तो खोक्यावरच्या चित्रात आहे, खोक्यात नव्हता.

वर तुमचं पत्रक म्हणतं, 'आधी आंघोळ, मग ब्रश.' गुंता न सोडवता भिजवला की वाळताना लोकरीसारखा आटतो. मी भाबडेपणाने पत्रकाप्रमाणेच केलं.

आता कालचा संवाद.

"मॅडम, ब्रीड?"
"गोल्डनडूडल. गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडलचा संकर."
"ते लिस्टमध्ये नाही. पूडल टाकू?"
"खोक्यावर तुम्हीच 'डूडल' छापलंय."
"हो मॅडम, पण सिस्टीममध्ये पूडल किंवा रिट्रीव्हरच येतं."
"बरं, रिट्रीव्हर टाका."
दोन मिनिटं गाणं ऐकवलं. मग, "मॅडम, हा ब्रश रिट्रीव्हरसाठी नाही. चुकीच्या ब्रीडवर वापरल्यामुळे तक्रार बंद करतेय."

मी पुन्हा म्हटलं, पूडल टाका. "आता बदलता येत नाही, मॅडम." फोन ठेवायच्या आत 'तुमचे समाधान झाले का?' असा मेसेज हजर! लॅब्रॅडोर आणि पूडलच्या संकराचे लॅब्रॅडूडल ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकाअखेर जन्माला आले. तुमच्या सिस्टीमपर्यंत पोचायला त्यांना अजून किती वर्षं लागणार?

त्या मुलीवर माझा राग नाही. समोर दिसतं ते ती वाचते. ती यादी ज्याने केली त्याच्यावर आहे.

इकडे झिपरीच्या कानांमागे, काखेत आणि पट्ट्याखाली जट इतकी घट्ट झाली की कंगवा घालणं म्हणजे छळच. शेवटी ग्रूमरने सगळे केस मशीनने उतरवले. खालची कातडी लालभडक निघाली. नऊ महिन्यांची आहे, पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे येण्याचा काळ. गुंता याच वयात सर्वांत जास्त होतो. म्हणून तर 'स्पेशल' ब्रश घेतला होता.

पैसे परत हवेत. पत्रक दुरुस्त करा. आणि कंगवा, जो मिळालाच नाही, तो आता पाठवू नका. विंचरायला केस उरलेले नाहीत. आठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर रुतलेल्या पिनांचे आणि बोडक्या झिपरीचे फोटो तुमच्या प्रत्येक जाहिरातीखाली टाकीन. तुमचा शाम्पू मी वापरत आले आहे, म्हणून आधी पत्र.

— एक (रिट्रीव्हर ठरवलेल्या) डूडलची मालकीण