‘स्वस्त-महाग’ची चौकट पुरे, शिष्यवृत्तीचा रकाना छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर ‘काय स्वस्त, काय महाग’ ही चौकट असते. ती आता बंद करावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हापासून साबण, चपला, बिस्किटे यांच्यावरचा कर अर्थसंकल्पात ठरत नाही, जीएसटी परिषदेत ठरतो. वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा कर शून्य झाला तो २२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी. त्याचा फेब्रुवारीतल्या भाषणाशी संबंध नव्हता. त्या चौकटीत उरते ते मुख्यतः सीमाशुल्क, आणि त्यावरून सामान्य घराचे महिन्याचे गणित फारसे हलत नाही.

मी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात काम करतो. ज्या घरातले मूल बारावीनंतर शिकते आहे, त्या घरासाठी अर्थसंकल्पातला खरा आकडा एकच असतो: शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्तीसाठी (म्हणजे मुलाचे शुल्क सरकारने भरून देण्यासाठी) किती तरतूद झाली, त्यातली किती सुटली आणि किती प्रत्यक्षात खर्च पडली. हा आकडा कोणत्याच वर्तमानपत्रात दिसत नाही.

प्राप्तिकराच्या बातम्यांना जागा मिळते, ती मिळायलाही हवी. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य केला. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत. पण आधीच्या वर्षीही पगारदाराला ७ लाख ७५ हजारांपर्यंत कर नव्हताच. ज्याचा पगार वर्षाला ८ लाख, त्याचे २३,४०० रुपये वाचले. ज्याचा ७ लाख, त्याला काहीच मिळाले नाही. शुल्क सवलतीच्या बहुतेक योजनांची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे, अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीची तर अडीच लाख. म्हणजे ज्या घरांना शिष्यवृत्ती लागते, त्यांच्यातल्या जवळजवळ कोणालाच करसवलतीचा लाभ नाही. त्यांचा अर्थसंकल्प वेगळ्या पानावर आहे आणि ते पान कोणी उघडत नाही.

आता पैसे उशिरा का येतात ते सांगतो, कारण त्याचा दोष लोक एकट्या पोर्टलला किंवा एकट्या कारकुनाला देतात. सरकारचे वर्ष एप्रिल ते मार्च, महाविद्यालयाचे जून-जुलै ते मे. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे केंद्रीभूत प्रवेश (सरकारच्या एकत्रित प्रक्रियेतून होणारे) ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतात. मग महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज, त्यानंतर महाविद्यालयाची छाननी, प्राचार्यांची मान्यता, विभागीय किंवा जिल्हा कार्यालयाची मान्यता, आणि शेवटी देयक कोषागारात. हे सगळे होईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. तोवर वित्त विभागाने तरतुदीपैकी जितका निधी वितरित केला असेल तितकीच देयके निघतात. मार्चअखेर गाठली नाही तर न वापरलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे तिजोरीत परत जातो, आणि त्या मुलांचा हप्ता पुढच्या वर्षाच्या तरतुदीवर पडतो. पुढच्या वर्षी तीच तरतूद नव्या मुलांनाही पुरवायची असते. थकबाकी अशी साचत जाते. कोणी पैसे खाल्ले नाहीत तरी ती साचते.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत आणखी एक गाठ आहे. खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटलेला आहे. राज्याने आपला हिस्सा आधी द्यायचा, मग केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात येतो. राज्याचा ४० अडला की केंद्राचा ६०ही अडतो. आणि पैसे येतात तेव्हा त्यात महाविद्यालयाचे शुल्कही असते. पालकांना हे स्पष्ट सांगितले जात नाही. पेरणीच्या तोंडावर खात्यात रक्कम दिसली, ती बियाण्याला गेली, आणि परीक्षेच्या अर्जाच्या वेळी महाविद्यालयाने थकीत शुल्क मागितले, असे होते. ती रक्कम आली की त्यातले शुल्क आधी भरावे आणि पावती जपून ठेवावी.

उशिराची किंमत पैशांत मांडतो. समजा अभियांत्रिकीचे शिकवणी शुल्क १ लाख आणि विकास शुल्क १२ हजार. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत मुलाला शिकवणी शुल्काचे ५० टक्के मिळतात, म्हणजे ५० हजार. विकास शुल्क त्यात धरत नाहीत. ते १२ हजार आणि उरलेले ५० हजार घरातूनच जातात, हे प्रवेशाच्या दिवशीच लक्षात घ्यावे. आता सरकारकडून यायचे ते ५० हजार. पात्र विद्यार्थ्याकडून ही रक्कम प्रवेशावेळी घेऊ नये, असे शासनाचे निर्देश आहेत. तरी मागची थकबाकी साचलेली महाविद्यालये ‘अनामत’ म्हणून ती मागतात. घर ती उभी करते सोने गहाण ठेवून किंवा सावकाराकडून. दहा टक्के दराने सोनेतारण घेतले आणि पैसे दहा महिन्यांनी आले तर व्याज सुमारे ४,१७० रुपये. शेकडा दोन रुपये महिना या दराने घेतले तर तेच दहा हजार. पन्नास हजारांच्या मदतीतला पाचवा हिस्सा सावकाराकडे गेला. सरकारच्या हिशोबात मात्र शिष्यवृत्ती पूर्ण दिली अशीच नोंद राहते.

मुलींच्या बाबतीत २०२४-२५ पासून मोठा बदल झाला. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकवणी व परीक्षा शुल्काची सवलत ५० वरून १०० टक्के केली. निर्णय चांगलाच आहे. पण त्यातही विकास शुल्क भरावे लागते, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यात येत नाहीत. ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढाच मथळा वाचून व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर सवलत मिळत नाही, आणि तोवर प्रवेश रद्द करण्याची मुदतही बरेचदा संपलेली असते. मथळ्याखाली दोन ओळी अटींच्या छापल्या तर हे टळेल.

घराच्या हातात जे आहे तेही लिहितो, कारण अर्ज अडकतात ते बहुतेक याच ठिकाणी.

तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर वैधतेची तारीख असते, ३१ मार्च. दाखला जुना असेल तर अर्ज परत येतो. नॉन-क्रीमीलेअरचेही तसेच. दोन्ही एप्रिल-मेमध्येच काढून ठेवावेत, निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते.

अर्ज भरताना सायबर कॅफेवाला स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, ही फार मोठी अडचण आहे. ओटीपी त्याच्याकडे जातो, त्रुटी काढून अर्ज परत पाठवल्याचा संदेशही त्याच्याकडेच जातो, आणि मूल ‘अर्ज भरला आहे’ या समजुतीत राहते. नंबर आपलाच द्यावा आणि मार्चपर्यंत दर पंधरा दिवसांनी अर्जाची स्थिती पाहावी. दुसऱ्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण आपोआप होत नाही, तेही करावे लागते.

पैसे जातात ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात. अर्जासोबत कोणते पासबुक जोडले होते याला अर्थ नाही. मध्येच मोबाइलवरून पेमेंट बँकेचे खाते उघडले आणि आधार तिकडे जोडले गेले तर रक्कम तिकडे जाते. त्याहून वाईट म्हणजे पूर्ण केवायसी नसलेले ‘लघु खाते’. त्यात वर्षभरात १ लाखाहून जास्त जमा होत नाही. मर्यादेपलीकडची रक्कम आली की ती परत जाऊ शकते, आणि मग ती पुन्हा काढायला महिने लागतात. बँकेत जाऊन केवायसी पूर्ण करून घेणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. खात्यावर दोन वर्षे व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय होते, म्हणून अधूनमधून शंभर रुपये तरी भरावेत किंवा काढावेत.

निर्वाहाच्या पैशाबद्दलही बोलायला हवे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार मिळतात: भोजन ३२ हजार, निवास २० हजार, निर्वाह ८ हजार. आकडा बरा आहे. दहा महिन्यांनी भागले तर खानावळीला महिन्याचे ३,२०० होतात, पुण्यात दोन वेळचे जेवण कसेबसे बसते. पण खानावळवाला पैसे महिन्याच्या महिन्याला मागतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत तर वसतिगृहात राहणाऱ्या पदवी व्यावसायिक विद्यार्थ्याचा भत्ता वर्षाला १३,५०० आहे. निर्वाहाची रक्कम तरी देयकांच्या रांगेतून बाहेर काढून दरमहा द्यावी, असे माझे ठाम मत आहे. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये महिन्याला जाऊ शकतात, तर तिच्या मुलाची खानावळही महिन्याला जाऊ शकते. दोन्ही पैसे बऱ्याचदा एकाच घरात यायचे असतात.

कर्जाकडे वळणाऱ्यांसाठी एक हिशोब. चार वर्षे दरवर्षी दीड लाख असे ६ लाख कर्ज, दर १० टक्के. शिक्षण आणि वर काही काळ हप्ता नाही. कर्जाची पहिली रक्कम उचलल्यापासून पाच वर्षांअखेर सरळव्याजाने २ लाख १० हजार व्याज चढते. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेत असेल, तर केंद्राच्या योजनेत हे सगळे व्याज सरकार भरते. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के सवलत आहे, म्हणजे वरच्या उदाहरणात ६३ हजार. पण ती वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती आहे, ठरावीक संस्थांपुरती आहे, आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा शुल्क प्रतिपूर्ती घेणाऱ्याला मिळत नाही. अर्धे शुल्क परत घ्यायचे की ३ टक्के व्याज वाचवायचे, हे आकडेमोड करून ठरवावे. वर्षाला ५० हजार मिळत असतील तर चार वर्षांचे दोन लाख होतात, तेव्हा उत्तर उघड आहे. उत्पन्नाचा दाखला कर्ज मंजूर होतानाच बँकेत द्यावा.

आता पुन्हा आपल्या पानाकडे येतो. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे खर्चाच्या खात्यापुढे, चार रकाने असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. भाषणात फक्त शेवटचा रकाना वाचला जातो. मूळ अंदाजापेक्षा सुधारित अंदाज कमी असेल तर मधल्या काळात कात्री लागली. सुधारित जास्त असेल तर थकबाकी फेडली असावी, वाढ मानू नये. शिष्यवृत्त्या शोधायच्या तर मुख्य लेखाशीर्ष २२२५, म्हणजे मागास प्रवर्गांचे कल्याण, आणि २२०२ व २२०३, म्हणजे सामान्य व तंत्रशिक्षण, यांखाली शोधाव्यात.

विभागाचा एकूण आकडा मात्र छापू नये, तो फसवतो. मे २०२५मध्ये सामाजिक न्याय विभागाच्या तरतुदीतले ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी महिला व बालविकास विभागाकडे दिले गेले. अनुसूचित जातीतील लाभार्थी महिलांचा वाटा म्हणून ते दिले, हे सरकारचे म्हणणे होते. त्या महिलांना पैसे मिळू नयेत असे कोणीच म्हणणार नाही. पण विभागाच्या बेरजेत ही रक्कमही धरलेली असेल, तर बेरीज वाढूनही शिष्यवृत्तीचा रकाना जिथल्या तिथे राहू शकतो. म्हणून योजनानिहाय आकडाच हवा.

आपल्या प्रतिनिधींनी मार्चमध्ये पाच शिष्यवृत्ती योजनांचे हे चार रकाने काढावेत आणि ‘स्वस्त-महाग’च्या जागी छापावेत. पुरवणी मागण्यांच्या दिवशी, साधारण जुलै आणि डिसेंबरात, त्याच चौकटीत नवे आकडे भरावेत. निधी किती सुटला हे राज्याच्या ‘बीम्स’ प्रणालीवर दिसते, तो पाचवा रकाना. प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयाने अनामत मागितली तर पालकाला ते कात्रण घेऊन काउंटरवर उभे राहता येईल, आणि ‘सरकारकडूनच पैसे आले नाहीत’ हे उत्तर कितपत खरे आहे हे तिथेच विचारता येईल.

आपला,
एक वाचक, सातारा