‘ऑप्ट-आउट’च्या कागदावर घाईने सही नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ब्रिटनमध्ये स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून किंवा अम्ब्रेला कंपनीमार्फत (कंत्राटदाराला नोकरीवर घेऊन त्याचा पगार काढणारी मध्यस्थ कंपनी) कंत्राटावर काम करणाऱ्यांत, विशेषतः आयटी क्षेत्रात, मराठी माणसं बरीच आहेत. मुलाखत पार पडते, क्लायंट होकार देतो आणि मग रिक्रूटमेंट एजन्सीचा ईमेल येतो : सोमवारी रुजू व्हायचं तर सोबतचा ‘ऑप्ट-आउट’, म्हणजे एजन्सींवरच्या नियमावलीचं संरक्षण सोडत असल्याचा कागद, आजच सही करून पाठवा. नाहीतर काम दुसऱ्याला जाईल. ही सक्ती बेकायदा आहे.

एजन्सींनी कसं वागावं, याची नियमावली २००३ची. ती ‘कंडक्ट रेग्युलेशन्स’ म्हणून ओळखली जाते. तिचं संरक्षण आपोआप मिळतं, त्यासाठी कुठेही सही लागत नाही. नियम ३२ने कंपनीमार्फत काम करणाऱ्याला त्यातून बाहेर पडायची मुभा दिली, पण त्याच नियमात एजन्सीला बजावलंय की काम शोधून देण्यासाठी ही अट घालता येणार नाही.

बाहेर पडल्यावर काय जातं? सगळ्यात आधी पैशाची हमी. नियम १२प्रमाणे क्लायंटने पैसे दिले नाहीत किंवा टाइमशीटवर मॅनेजरची सही नाही, एवढ्या कारणावरून एजन्सीला तुमचे पैसे अडवता येत नाहीत. तास खरंच भरलेत का, हे ती तपासू शकते, तेवढंच. ऑप्ट-आउटनंतर मात्र कंत्राटात ‘क्लायंटकडून पैसे आल्यावरच’ असं कलम बिनदिक्कत घालता येतं. क्लायंट बुडाला की दोन महिन्यांची इन्व्हॉइसं लटकलीच.

दुसरं, क्लायंटकडे थेट जाण्याची वाट. तुम्हाला थेट घेतल्याबद्दल एजन्सी क्लायंटकडून शुल्क मागू शकते, ते काम सुरू झाल्यापासून १४ आठवडे किंवा संपल्यापासून ८ आठवडे, यातली जी मुदत उशिरा संपेल तोवरच. ऑप्ट-आउट केलेल्या कंत्राटांत तुमच्यावरच सहा महिने, वर्षभराची बंदी सर्रास दिसते.

‘सही केली नाही तर आयआर३५ या करनियमात अडकाल’, म्हणजे कंपनी असूनही नोकरदारासारखा कर लागेल, अशी भीतीही घातली जाते. तिला आधार नाही. आयआर३५ ठरतं ते काम प्रत्यक्ष कसं चालतं आणि कंत्राट काय म्हणतं यावर. आठवड्याच्या ४८ तासांच्या मर्यादेचा ऑप्ट-आउटही वेगळाच. दोन्ही कागद एकत्र आले तर प्रत्येकाचं शीर्षक वाचावं.

ऑप्ट-आउट वैध ठरायला कंपनी आणि प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती, दोघांची संमती लागते. शिवाय ही सूचना क्लायंटशी गाठ घालून देण्याआधी किंवा कामावर पाठवण्याआधी द्यावी लागते. मुलाखतीनंतरच्या सहीवर यातूनच वाद होतात, पण त्या वादाच्या भरवशावर सही करू नये. लहान मुलं, आजारी किंवा परावलंबी माणसं यांच्यासोबतच्या कामात तर ऑप्ट-आउट चालतच नाही.

म्हणून सीव्ही पुढे जाण्याआधीच एजन्सीला ईमेलने कळवावं : ‘माझी कंपनी आणि मी नियमावलीतून बाहेर पडणार नाही.’ फोनवर दबाव आला तर त्याच दिवशी संभाषणाचा गोषवारा त्यांना लेखी पाठवावा. तक्रारीच्या वेळी तोच पुरावा. तक्रार कुठे करायची, हे अकास (Acas) या नोकरीविषयक सल्ला देणाऱ्या सार्वजनिक संस्थेच्या हेल्पलाइनवर विचारता येतं. काम चालू असताना सही मागे घेतली तरी त्या जागेवरचं काम संपेपर्यंत उपयोग होत नाही, तेव्हा नकार द्यायचा तो सुरुवातीलाच.

आपला,
एक वाचक, लंडन