सुट्ट्या नोटांचं पाकीट

आदरणीय काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं नाव कुठे छापू नको असं काकींनी मला दोनदा बजावलंय, म्हणून ते लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितेय. गेल्या दीड वर्षात अभ्यासासाठी पैसे मागितल्यावर ज्यांनी मला नाही म्हटलं ते चारचौघांत म्हटलं. ज्यानं होय म्हटलं त्याचे आभारही मग चारचौघांतच मानायला हवेत.

काल एमएस्सीचा प्रबंध जमा केला. परत येताना बसमध्ये कंडक्टरनं मला, कर्नाटकात बायकांना फुकट मिळतं ते, शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाला, "सुट्टे द्या हो, सकाळपासून सगळे पाचशेच काढतायत." तेवढ्यावरून मला रडू आलं. शेजारच्या मावशी विचारायला लागल्या, कोण गेलं गे तुझं? त्यांना काय सांगणार? घरी आल्यावर आधी पेन घेतलं.

तुम्ही मला पहिल्यांदा विचारलंत, "कशाचा अभ्यास करतीस?" तेव्हा मी चाचरतच "वाघळांचा" म्हणाले होते. हे सांगितलं की समोरचा माणूस कसा बघतो याची सवय झाली होती. तुम्ही तसं बघितलं नाहीत. बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूरच्या स्टँडवरच्या त्या बाकड्यावर सरकून जागा केलीत आणि म्हणालात, "सांग बघू."

मग मी सांगितलं होतं ते इथं पुन्हा सांगते, कारण आपल्याच तालुक्यातल्या कितीतरी जणांना ते ठाऊक नाही. तळेवाडीजवळ बारापेडेची गुहा आहे. तिथल्या एका वटवाघळाचं वर्णन ओल्डफील्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं १९१३ साली जगापुढं मांडलं आणि वनखात्यात नोकरी केलेल्या रॉटनसाहेबांचं नाव त्याला दिलं. गर्द चॉकलेटी अंग, मानेवर राखाडी पट्टा, तोंडाच्याही पुढं येणारे मोठे कान आणि पडद्यातून बाहेर निघालेली मोकळी शेपूट. त्यानंतर कितीतरी दशकं हा प्राणी अख्ख्या जगात फक्त आपल्या या एका गुहेतच माहीत होता. पुढं मेघालयात आणि कंबोडियात सापडला, ते अगदी अलीकडं. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो वाघाच्याच यादीत, पहिल्या अनुसूचीत आहे. २०११ साली भीमगड अभयारण्य झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं, आणि ही गुहा त्याच जंगलात आहे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "चौतीस वर्षं ह्या रस्त्यावर तिकिटं फाडली मी. खरं हे कुणी सांगितलं न्हाई." तुमच्या आवाजात हळहळ होती. त्या क्षणापासून तुम्ही माझ्या बाजूचे झालात असं मला वाटलं.

मी गुहेत गेले नाही आणि जाणारही नाही. गुहेतल्या वटवाघळांना माणसांची ये-जा, उजेड, धूर सोसत नाही. माझं काम गुहेबाहेरचं, अभयारण्याच्याही बाहेरचं होतं: जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या भातशेतांवर आणि काजूच्या बागांत रात्री कोणकोणती वाघळं किडे टिपायला येतात ते त्यांच्या आवाजावरून नोंदवणं. त्यांचा आवाज बहुतेक आपल्या कानाला ऐकू येत नाही, म्हणून मोबाइलला जोडायचं एक यंत्र लागतं. यंत्र, राहणं, आणि रात्री सोबतीला कुणीतरी. एवढाच खर्च होता.

आणि एवढ्यासाठी मी किती दारं वाजवली ते तुम्हाला माहीत आहे. नेट परीक्षेत जेआरएफसाठी पात्र ठरून पीएचडीला लागलेल्यांना २०२३ च्या जानेवारीपासून महिना ३७,००० रुपयांची ही संशोधन-शिष्यवृत्ती मिळते, मिळायलाच हवी. पण एमएस्सीच्या पोरांनी प्रोजेक्ट करायचा तो घरच्या पैशावर, आणि घरी पैसा नसला तर ग्रंथालयात बसून दुसऱ्यांच्या आकड्यांवर. एका ठिकाणी अर्ज नेला तर साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या भागात वाघ आहे का? हत्ती?" वाघळं म्हटल्यावर फाइल बंद केली. दुसऱ्या कार्यालयात रहिवासी दाखला कर्नाटकाचा म्हणून अर्ज परत आला. तिसरीकडं शाळेचे कागद मराठीत म्हणून. सीमाभागातल्या पोरांना हे नवीन नाही, आपण दोन्हीकडच्या खिडक्यांवर उभे राहतो आणि दोन्हीकडून दुसरी खिडकी दाखवली जाते. आणखी एका संस्थेला आधी केलेल्या कामाची माहिती जोडून हवी होती. ती माहिती गोळा करायलाच तर मी पैसे मागत होते.

या सगळ्यांचा राग आता शमलाय. एकाचा शमलेला नाही. गुणवंतांच्या सत्कारात व्यासपीठावर बसलेल्या एका गृहस्थांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं होतं, "या मुलीच्या संशोधनाचा सगळा खर्च मी उचलतो." टाळ्या झाल्या. बाबांनी समोरच्या रांगेत बसून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. त्यानंतर चार महिने मी त्या गृहस्थांना फोन करत राहिले. आधी "मीटिंगमध्ये आहे", मग "पुढच्या आठवड्यात", मग फोन उचलणंच बंद. मला पैसे मिळाले नाहीत याचं एवढं वाईट वाटलं नाही, काका. गल्लीत कुणी विचारलं की बाबा अजूनही विषय बदलतात. त्या माणसानं माझ्या बापाला पेढे वाटायला लावले, हे मला विसरता येत नाही.

त्याच सुमारास तुम्ही मला स्टँडवर गाठलंत. शाळेत असताना तुमच्याच गाडीत मी पास दाखवत होते, तुम्ही पास न बघता "बस बस" म्हणायचात. रिटायर झाल्यावरही संध्याकाळी स्टँडवर येऊन बसायची तुमची सवय सुटली नव्हती. त्या बाकड्यावर मला तुम्ही खर्च किती असं विचारलंच नाहीत. विचारलंत ते हे: "रात्री तुझ्यासंगं कोण येतंय?"

मी सांगितलं, गावातले एक मामा आहेत, रानाची वाट अन् वाट माहीत असलेले.

"किती रात्री?"

"बावीस."

"त्याला काय देतीस?"

आणि मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगते, माझ्या अर्जात त्यांचा खर्च धरलेलाच नव्हता. मार्गदर्शकांनी दिलेल्या नमुन्यात यंत्र होतं, प्रवास होता, छपाई होती. वाटाड्याला रकानाच नव्हता. मला वाटलं होतं, चहा-जेवण देऊ, शेवटी काहीतरी देऊ.

आठ दिवसांनी तुम्ही घरी बोलावलंत. काकींनी पोहे केले होते. तुम्ही दोन पाकिटं माझ्यापुढं ठेवलीत. एकात यंत्रासाठी २५,००० रुपये, बँकेच्या पट्टीसकट. दुसरं जाड होतं, वर तुमच्या कंडक्टरी अक्षरात लिहिलेलं: 'रातची हजेरी, २२ × ४०० = ८,८००.' आत सगळ्या शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा. चारशे-चारशेच्या घड्या घालून, प्रत्येक घडीला रबर लावून. तुम्ही म्हणालात, "तिथं पाचशेची मोड कुणी देत न्हाई. मोडीसाठी माणूस जांबोटीपर्यंत जातो, न्हाईतर दुकानदार उधारीत वळती करून घेतो. रोज पहाटे त्याच्या हातात दे. उद्यावर ठेवू नको."

मुदत ठेव मोडून तुम्ही ते पैसे आणलेत हे काकींनी मला नंतर सांगितलं. पण काका, मला राहून राहून आठवतात त्या घड्या. बावीस घड्या. तुम्ही बसून मोजल्या असतील, रबरं शोधली असतील, बँकेत नाहीतर स्टँडवरच्या ओळखीच्या दुकानांतून सुट्टे जमवले असतील. पैसे देणारी माणसं तरी असतात. माझ्यासोबत अंधारात चालणाऱ्या माणसाला सकाळी दुकानात काय अडचण येईल, इथपर्यंत विचार करत गेलेलं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही.

पहिल्या पहाटे मी मामांच्या हातात घडी ठेवली तेव्हा ते रबर काढून बघतच राहिले. म्हणाले, मागं एक टोळी आली होती, पंधरा दिवस फिरवलं त्यांना, खात्यावर टाकतो म्हणून गेले, ते पैसे कधी आलेच नाहीत. तरी मामा माझ्यासोबत आले होते. घडी खिशात घालून त्यांनी वाटेत दुकानातून चहापूड आणि साखर घेतली, रोख. दुसऱ्या रात्री ते स्वतःहून लवकर आले आणि मला कधीच कळली नसती अशी पडक्या घराची एक भिंत दाखवली. तिच्या भेगेतून संध्याकाळी वाघळं एकामागून एक बाहेर पडत होती.

भाताच्या शेतावरची एक रात्र तुम्हाला सांगायची राहिली होती. कापणी तोंडावर आलेली, दंव पडायला लागलेलं. यंत्र चालू केलं की त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येईल असा खाली उतरवून देतं, टक्... टक्... टक्... असा. आणि किडा जवळ आला की टकटक जलद होत जाते आणि एकदम टर्र्र होऊन थांबते. मामांनी ते ऐकलं, वर अंधारात बघितलं आणि मला कुजबुजत विचारलं, "आता खाल्लं काय त्यानं?" होय म्हटल्यावर ते हसले. मग तासभर ते प्रत्येक टर्र्रला बोट मोडून मोजत राहिले. त्यांच्याच शेतावर हे रोज रात्री चालत होतं. माझ्या प्रबंधात आलेख आहेत, तक्ते आहेत, पण ती बोटं मोजणं मी कुठे लिहू?

वस्तीच्या गाडीचे कंडक्टर, रात्री दार उघडून पाणी देणाऱ्या वहिनी, शाळेच्या पडवीत झोपू देणारे शिपाई, या सगळ्यांनी मला मदत केली. वर्षानुवर्षं आपल्या रस्त्यांवर गाड्या चालवणारी माणसं आजाऱ्याला दवाखान्याच्या दारात उतरवतात, म्हाताऱ्या माणसाचं गाठोडं वर चढवतात, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात होत नाही. माझ्यासारख्या मुलींचं शिक्षण या माणसांच्या आधारावर चाललंय. मोठ्या संस्थांनी पैसा द्यावाच, तो त्यांचा धर्म आहे. पण देताना त्यांनी एकदा तुमच्यासारखं विचारावं, तुझ्यासंगं कोण येतंय, आणि त्याला काय देतीस. अर्जात तेवढा एक रकाना वाढवला तरी रानातल्या किती घरांत रोख चहापूड येईल.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी मार्गदर्शकांच्या आधी मामांचं नाव लिहिलंय. मार्गदर्शकांनी ते खोडलं नाही, हेही सांगायला हवं. तुमच्यासाठी एकच ओळ आहे, 'खानापूरचे एक निवृत्त कंडक्टर.' काकींना सांगा, नाव टाकलेलं नाही.

आणि हिशेब. एकवीस रात्रीच झाल्या. बाविसाव्या रात्री अवकाळी पाऊस आला, यंत्र पिशवीतून काढताच आलं नाही. मामांनी त्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत, कितीही म्हटलं तरी. शेवटची घडी माझ्याकडं तशीच आहे, तीन शंभराच्या, दोन पन्नासाच्या, तुम्ही लावलेल्या रबरासकट. येत्या सोमवारी प्रबंधाची प्रत द्यायला वस्तीच्या गाडीनं मामांकडं जातेय. त्या रात्री ते पावसात माझ्याबरोबर तीन तास उभे होते, म्हणून ही घडी मी त्यांच्या घरात ठेवून येईन म्हणते. तुम्ही होय म्हणाल हे माहीत आहे. तरी विचारतेय, पैसे तुमचे आहेत. सोमवारच्या आत स्टँडवर भेटले तर सांगा.

तुमची,
तुमच्या गाडीतली पासवाली